दहा वर्षांची मुदत कोणी ठरवली?

स्तनांत बसवलेले सलाइन इम्प्लांट दहा वर्षांनी बदलावेच लागते, ही समजूत आता इतकी मुरली आहे की ती तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सल्ल्यात ती ऐकू येते, मैत्रिणी एकमेकींना ती सांगतात आणि नवव्या वर्षापासून अनेकींच्या मनात धाकधूक सुरू होते. प्रत्यक्षात इम्प्लांटच्या वेष्टनावर जी तारीख छापलेली असते ती निर्जंतुकतेची, म्हणजे ते शरीरात बसवण्याआधीची. एकदा आत गेल्यावर ते कधी काढावे याची तारीख कोणत्याही कंपनीने किंवा सरकारी यंत्रणेने घालून दिलेली नाही. मग हा दहाचा आकडा आला कुठून? सलाइन इम्प्लांटचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर असे दिसते की हा आकडा पदार्थाच्या झिजेतून निघालेला नाही. तो हमीपत्रांतून, अभ्यासांच्या मुदतीतून आणि एका आकडेवारीच्या चुकीच्या वाचनातून तयार झाला आहे. सलाइन इम्प्लांटच्या बाबतीत तर तो सगळ्यात कमी लागू पडतो, कारण आपण निकामी झालो हे सांगणारे इम्प्लांट हेच आहे.

या वस्तूचा पूर्वइतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १८९५ साली हायडेलबर्गच्या विन्सेन्झ चेर्नी या शल्यचिकित्सकाने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढल्यावर राहिलेली पोकळी तिच्याच कमरेवरच्या चरबीच्या गाठीने भरून काढली. त्यानंतरच्या काळात पॅराफिनची इंजेक्शने आली आणि त्यांनी गाठी, जखमा आणि व्रण मागे ठेवले. १९५० च्या दशकात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा स्पंज वापरला गेला, तो काही काळाने आकसून दगडासारखा घट्ट झाला. द्रव सिलिकोन थेट टोचण्याचे प्रकारही जपानमध्ये आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात झाले, आणि त्यांचे परिणाम भोगणाऱ्या स्त्रियांवर पुढे वर्षानुवर्षे उपचार करावे लागले. या पार्श्वभूमीवर १९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोघा शल्यचिकित्सकांनी सिलिकोन रबराच्या पिशवीत सिलिकोनची जेली भरलेले इम्प्लांट पहिल्यांदा एका स्त्रीच्या शरीरात बसवले, तेव्हा ते खरोखर मोठे पाऊल वाटले. पदार्थ पिशवीत बंदिस्त होता, इकडेतिकडे पसरत नव्हता, स्पंजासारखा आकसत नव्हता. ते किती टिकेल, याचे उत्तर त्या वेळी कुणाकडे असणे शक्यच नव्हते. पण उत्तर नव्हते म्हणून आश्वासन थांबले नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे स्त्रियांना सर्रास सांगितले जाई की हे एकदा बसवले की जन्मभराची काळजी मिटली. दहा वर्षांची मुदत ही मुळात या जन्मभराच्या वचनावरची प्रतिक्रिया आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

सलाइनची कल्पना फ्रान्समधून आली. आंरी आरिओं यांनी १९६४ साली असे इम्प्लांट पुढे आणले की ज्याची पिशवी रिकामी आत घालायची आणि मग तिच्यात द्रव भरायचा. यामागचा विचार व्यवहारी होता. जेलीने आधीच भरलेले इम्प्लांट आत सरकवायला मोठा छेद लागतो, रिकाम्या पिशवीला छोटा पुरतो. शस्त्रक्रियेची ही रीत मुळाशी आजही तीच आहे. डॉक्टर सिलिकोनची पातळ पिशवी हवा काढून घट्ट गुंडाळतात, सुरळी छोट्या छेदातून आत सरकवतात, आत ती उलगडतात, तिच्या झडपेला जोडलेल्या नळीतून सिरिंजने ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी भरतात. दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत थोडे भरायचे, थोडे काढायचे. मग नळी ओढून घेतली की झडप आपोआप मिटते आणि टाके घातले जातात. पुढची सगळी वर्षे हे पाणी आत राहणार की नाही, हे त्या इवल्याशा झडपेवर आणि पिशवीच्या पातळ भिंतीवर अवलंबून असते. पहिल्या फ्रेंच इम्प्लांटची भिंत आणि झडप दोन्ही कच्ची निघाली. तीन वर्षांत सुमारे तीन चतुर्थांश इम्प्लांटमधले पाणी गळून गेल्याची नोंद झाली आणि ते बाजारातून गेले. १९६८ पासून अमेरिकेत हेयर-शुल्टे या कंपनीने आपले सलाइन इम्प्लांट आणले. मेंदूत साठणारे पाणी वाहून नेणाऱ्या झडपांच्या कामात मुरलेली ही कंपनी होती. पुढच्या दशकांत पिशवीची भिंत, ती पक्की करण्याची पद्धत आणि झडपेची रचना पुन्हा पुन्हा बदलत गेली. म्हणजे ‘सलाइन इम्प्लांट किती टिकते’ या प्रश्नात पहिलीच अडचण अशी की सलाइन इम्प्लांट नावाची एकच वस्तू कधी नव्हती. १९६५ चे, १९७५ चे आणि १९९५ चे इम्प्लांट यांना एकच आयुष्य लावणे चुकीचे आहे.

गळती नेमकी का होते, हे काढून टाकलेल्या इम्प्लांटच्या तपासणीतून हळूहळू कळत गेले. झडप नीट न मिटणे, शस्त्रक्रियेच्या वेळी सुईचा किंवा हत्याराचा ओरखडा लागणे ही कारणे होतीच, आणि त्यांचे परिणाम बहुधा लवकर दिसत. उशिरा होणाऱ्या गळतीत मात्र एक वेगळेच कारण ठळक झाले. पाण्याला जेलीसारखा घट्टपणा नसतो. पिशवी पूर्ण ताणली गेली नाही तर तिच्या भिंतीवर चुणी पडते, आणि श्वासोच्छ्वासाने, हाताच्या हालचालीने, झोपेत कूस बदलल्याने तीच चुणी त्याच जागी रोज हजारो वेळा दुमडते. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली की ती घडीवरच विरते, म्हणून जाणत्या बायका अधूनमधून घडी मोडून ठेवतात. शरीरातल्या पिशवीची घडी मोडून ठेवता येत नाही. चुणीच्या टोकाशी भिंत झिजते, केसाएवढे छिद्र पडते आणि पाणी निघून जाते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. इम्प्लांटचे आयुष्य केवळ वर्षांवर अवलंबून नाही, ते पहिल्या दिवशी त्यात किती पाणी भरले यावरही अवलंबून आहे. प्रत्येक पिशवीला कंपनीने भरण्याची एक मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ ३०० ते ३२५ मिलिलिटर. हाताला मऊ लागावे म्हणून काही शल्यचिकित्सक त्याहून कमी भरत. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री पाहणीत, ठरलेल्या प्रमाणापेक्षा २५ मिलिलिटरहून जास्त कमी भरलेल्या इम्प्लांटमध्ये गळती अधिक आढळली. पिशवीच्या आत स्टिरॉइड किंवा प्रतिजैविक घालण्याची पद्धतही गळती वाढवणारी ठरली. तेव्हा एकाच वर्षी, एकाच कंपनीचे इम्प्लांट बसवलेल्या दोघींपैकी एकीचे चौथ्या वर्षी गळू शकते आणि दुसरीचे पंचविसाव्या वर्षीही शाबूत असू शकते. दोघींना दहा वर्षांची एकच मुदत सांगणे म्हणजे या कारणांकडे डोळेझाक करणे होय.

आता कायद्याच्या बाजूकडे वळू, कारण आकडे तिथूनच आले. १९७६ साली अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांसाठी नवा कायदा झाला, पण त्याआधीपासून बाजारात असलेल्या वस्तू तशाच विकू दिल्या गेल्या. स्तनांतली इम्प्लांट त्यांतच मोडत होती. त्यामुळे जन्मभराचे वचन देणाऱ्या या वस्तूच्या टिकाऊपणाचा पुरावा कंपन्यांकडून कुणी मागितला नाही. १९८८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्यांना सर्वाधिक जोखमीच्या तिसऱ्या वर्गात टाकले. जानेवारी १९९२ मध्ये तेव्हाचे आयुक्त डेव्हिड केसलर यांनी सिलिकोन जेलीच्या इम्प्लांटची विक्री थांबवायला सांगितले आणि त्याच वर्षी त्यांचा वापर जवळजवळ फक्त स्तनांची पुनर्रचना आणि नियंत्रित अभ्यासांपुरता उरला. त्या दिवसापासून २००६ पर्यंत अमेरिकेत केवळ आकार वाढवण्यासाठी येणाऱ्या स्त्रीपुढे व्यवहारात एकच पर्याय राहिला, तो सलाइनचा. सलाइनला सूट मिळाली ती मुख्यतः एका साध्या कारणाने, की गळले तरी मिठाचे पाणी शरीर सहज शोषून घेते. पण टिकाऊपणाचा पुरावा तेव्हाही मागितलेला नव्हताच. तो मागणारा अंतिम नियम ऑगस्ट १९९९ मध्ये निघाला. मार्च २००० मध्ये तज्ज्ञ समितीपुढे तीन कंपन्या आल्या. मेंटॉर आणि मॅक्गन यांच्या इम्प्लांटना १० मे २००० रोजी मंजुरी मिळाली. तिसरी कंपनी फ्रान्सची पॉली इम्प्लांट प्रोथेझ, म्हणजे पीआयपी. आधीच पाणी भरून सीलबंद केलेल्या तिच्या सलाइन इम्प्लांटना मंजुरी नाकारली गेली. याच कंपनीने पुढे जेलीच्या इम्प्लांटमध्ये मान्यता नसलेले सिलिकोन भरल्याचे २०१० साली उघडकीस आले आणि २०१३ साली तिच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. वस्तू बाजारात येऊन छत्तीस वर्षे झाल्यावर तिच्या आयुष्याचे पहिले अधिकृत आकडे हाती आले, ही गोष्ट स्वतःच पुरेशी बोलकी आहे.

हे आकडे काय सांगतात? आकार वाढवण्यासाठी सलाइन इम्प्लांट बसवलेल्या स्त्रियांत तीन वर्षांच्या शेवटी गळती झालेल्यांचे प्रमाण दोन्ही कंपन्यांच्या अभ्यासांत ३ ते ५ टक्के होते, पाच वर्षांच्या शेवटी ७ ते १० टक्के. हाच वेग पुढे कायम राहिला असे धरले, तर दहाव्या वर्षी ऐंशी टक्क्यांहून अधिक स्त्रियांची दोन्ही इम्प्लांट शाबूत असायला हवीत. दहाव्या वर्षी एखादी कडा कोसळावी तसे या आकड्यांत काही दिसत नाही. त्याच अभ्यासांतली दुसरी ओळ मात्र अधिक विचार करायला लावणारी आहे. आकार वाढवणाऱ्यांपैकी १३ ते २१ टक्के स्त्रियांना तीन वर्षांच्या आत, तर २० ते २६ टक्के स्त्रियांना पाच वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. कर्करोगामुळे स्तन काढल्यावर पुनर्रचना करून घेतलेल्यांत पाच वर्षांचा हा आकडा ४३ ते ४५ टक्के होता. यातल्या पुष्कळ शस्त्रक्रियांचा झिजेशी काही संबंध नव्हता. इम्प्लांटभोवती शरीर जे पातळ वेष्टण तयार करते ते आकसून स्तन कडक होणे, इम्प्लांट जागेवरून सरकणे, संसर्ग, त्वचेवर सुरकुत्या दिसणे आणि आकार लहानमोठा करून हवा अशी स्त्रीचीच इच्छा, ही त्यांमागची मोठी कारणे होती. थोडक्यात, दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता मोठी आहे हे खरे, पण ती दहाव्या वर्षाची वाट पाहत बसत नाही. ती पहिल्याच काही वर्षांत दारात उभी असते, आणि तिथे मुदतीचा नियम काहीच मदत करत नाही.

मग दहाचा आकडा रुजला कसा? त्याचे तीन उगम दिसतात. पहिला हमीपत्रांचा. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या हमीत असे असे की गळती झाली तर नवे इम्प्लांट कधीही मोफत मिळेल, पण भूल, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टर यांच्या खर्चाला मदत पहिली दहा वर्षेच मिळेल. पैशाची मदत जिथे संपते तिथे वस्तूचे आयुष्य संपते, असा अर्थ लोकांनी काढला तर त्यांना दोष देता येत नाही. पण ही हमी गळतीवर आहे, वयावर नाही, हे कुणी लक्षात घेतले नाही. शाबूत इम्प्लांट केवळ दहा वर्षे झाली म्हणून बदलायचे ठरवले तर कंपनी खर्चाला हात लावत नाही. वस्तू बनवणाऱ्यांना स्वतःला दहावे वर्ष शेवटचे वाटत असते तर त्यांनी तसे लिहिले असते. दुसरा उगम अभ्यासांचा. मंजुरी देताना एफडीएने कंपन्यांना स्त्रियांचा मागोवा दहा वर्षे घ्यायला सांगितले. म्हणून हाती असलेली भक्कम माहिती दहाव्या वर्षाशी थांबते, आणि माहिती जिथे थांबते तिथेच वस्तूही थांबते असा समज झाला. तिसरा उगम आकडेवारीच्या वाचनाचा. २०११ साली एफडीएने सिलिकोन जेलीच्या इम्प्लांटचा आढावा घेताना सांगितले की आकार वाढवणाऱ्या दर पाचांतल्या एकीला आणि पुनर्रचना करून घेणाऱ्या दर दोघींतल्या एकीला दहा वर्षांच्या आत इम्प्लांट काढावे लागते. इम्प्लांट जन्मभराची नसतात, हे वाक्यही त्याच सुमारास ठळकपणे पुढे आले. ते योग्यच होते. पण ‘पाचांतल्या एकीला दहा वर्षांच्या आत’ याचे तोंडोतोंडी ‘सगळ्यांना दहा वर्षांनी’ असे रूपांतर झाले. उरलेल्या चौघींचे काय, हा प्रश्न त्या गडबडीत गळूनच गेला. शिवाय ते आकडे जेलीच्या इम्प्लांटचे होते.

जेली आणि सलाइन यांतला फरक या वादात निर्णायक आहे. जेलीचे इम्प्लांट फाटले तरी जेली बहुतेक वेळा भोवतालच्या वेष्टणातच राहते, आकार तसाच राहतो आणि स्त्रीला पत्ताही लागत नाही. म्हणूनच २००६ मध्ये जेलीला पुन्हा मंजुरी देताना एफडीएने तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी एमआरआय करायला सांगितले, आणि २०२० मध्ये ती सूचना बदलून पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली तपासणी व पुढे दर दोन-तीन वर्षांनी, तीही अल्ट्रासाउंडने चालेल, असे केले. सलाइनसाठी फाटल्याचा शोध घेणारी अशी कोणतीच तपासणी सुचवलेली नाही, कारण तिची गरज नाही. पाणी गळले की काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत, एक स्तन दुसऱ्यापेक्षा उघड लहान दिसू लागतो. आरशात पाहिले की निदान झाले. वेळेआधी भाग बदलण्याचा नियम तिथे शहाणपणाचा ठरतो, जिथे बिघाड दिसत नाही आणि झाला तर घात करतो. सलाइनच्या गळतीत हे दोन्ही नाही. ती दिसते आणि तिने जिवाला धोका होत नाही. मनस्ताप होतो, कपडे नीट बसत नाहीत, चारचौघांत अवघडल्यासारखे होते, हे सगळे खरे आहे आणि ते क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. पण पुढे कधीतरी होऊ शकणारा मनस्ताप टाळण्यासाठी आज खात्रीची शस्त्रक्रिया करून घेणे हा सौदा बहुतेकींना परवडणारा नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चुणीची झीज साठत जाते, त्यामुळे पंधराव्या किंवा विसाव्या वर्षी गळतीचा वेग वाढणारच. हे मान्य करायला हरकत नाही, चुणीची झीज ज्या तऱ्हेने होते ती पाहता तसे होणे स्वाभाविक आहे. पण वेग वाढला म्हणून शाबूत इम्प्लांट काढणे योग्य ठरत नाही. नवे इम्प्लांट म्हणजे नवी झडप, नवी भरणी, नवा संसर्गाचा धोका आणि वेष्टण आकसण्याची नवी शक्यता. पहिल्या खेपेपेक्षा बदलाच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचे प्रमाण अधिक असते, असेच जेलीच्या इम्प्लांटच्या मोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. विसाव्या वर्षी निवांत बसलेले इम्प्लांट काढून नवे बसवणारी स्त्री जुनी झीज टाळते, पण सुरुवातीच्या वर्षांतली सगळी जोखीम पुन्हा पदरात घेते. दुसरा आक्षेप वयाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. पन्नाशीत भूल आणि शस्त्रक्रिया सोसवते, सत्तरीत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असताना ती कठीण होते, मग आधीच का उरकून घेऊ नये? या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्यातून दहा वर्षांचा नियम निघत नाही. तिशीत इम्प्लांट बसवलेल्या स्त्रीने तो पाळला तर सत्तरीपर्यंत तिच्या तीन-चार जास्तीच्या शस्त्रक्रिया होतील, आणि सत्तरीतला प्रश्न तरीही सुटणार नाही. त्या वयाच्या स्त्रीसाठी खरा पर्याय वेगळाच असतो. गळती झाली तर नवे न बसवता दोन्ही बाजूंची इम्प्लांट काढून टाकायची. ती शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते, आणि अनेकींना त्या वयात तेवढीच पुरेशी वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो कर्करोगाचा. इम्प्लांटभोवतीच्या वेष्टणात होणाऱ्या एका विरळ लिंफोमाची पहिली नोंद १९९७ साली झाली, आणि ती सलाइन इम्प्लांट असलेल्या स्त्रीतच झाली, ही वस्तुस्थिती सलाइनच्या कैवाऱ्यांनी लपवू नये. २०११ मध्ये एफडीएने या संबंधाकडे जाहीरपणे लक्ष वेधले, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली, त्यांत सलाइनचीही होती. पण पुरावा बारकाईने पाहिला तर बोट पृष्ठभागाकडे जाते. खरखरीत इम्प्लांटचा त्यात मोठा वाटा आहे, आणि आत पाणी आहे की जेली हा मुद्दा दुय्यम आहे. एवढे होऊनही, कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांनी बायोसेल इम्प्लांट काढून टाकावीत असे एफडीएने सुचवले नाही. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी अचानक सूज आली, पाणी साठले, गाठ लागली तर ताबडतोब तपासणी, असे तिने सांगितले. उलट जिथे इम्प्लांट सरसकट काढणे आवश्यक वाटले तिथे नियामकांनी तसे स्पष्ट सांगितले आहे. सोयाबीन तेल भरलेली ट्रायल्युसेंट इम्प्लांट ब्रिटनमध्ये १९९५ ते १९९९ या काळात विकली गेली. तेलाच्या विघटनातून तयार होणाऱ्या पदार्थांबद्दल शंका आल्यावर जून २००० मध्ये तिथल्या यंत्रणेने सुमारे ५,००० स्त्रियांना ती काढून घेण्याचा सल्ला दिला. पीआयपीच्या जेलीबाबत फ्रान्सने डिसेंबर २०११ मध्ये सुमारे ३०,००० स्त्रियांना तसाच सल्ला दिला. या दोन्ही वेळी पदार्थात नेमका दोष होता, वस्तू कोणत्या वर्षी बसवली हे पाहिले गेले नाही. सरसकट काढण्याचा आदेश कसा दिसतो हे इतिहासात नोंदलेले आहे. शाबूत सलाइन इम्प्लांटबाबत तसा आदेश कधीच निघालेला नाही.

मग बदलायचे केव्हा? इतिहासातून निघणारे उत्तर कारणाचे आहे. पाणी गळले तर बदलावे किंवा काढावे, आणि त्यात फार महिने घालवू नयेत, कारण रिकामी जागा आकसत जाते आणि नंतरची शस्त्रक्रिया अवघड होते. वेष्टण आकसून दुखू लागले, आकार विकृत झाला, इम्प्लांट सरकले, त्वचेतून कडा जाणवू लागल्या, संसर्ग झाला, उशिरा सूज आली, तर वय न पाहता डॉक्टरांकडे जावे. गरोदरपण, वजनातला मोठा बदल, वाढते वय यांनी स्तनांचा मूळ आकार बदलतो. तेव्हा इम्प्लांट ठीक असूनही स्त्रीला बदल हवासा वाटू शकतो, आणि तो तिचा अधिकार आहे, पण त्याला मुदतीचे नाव देऊ नये. नियमित स्तनतपासणी आणि ठरल्या वयात मॅमोग्राफी चालू ठेवावी, तंत्रज्ञाला इम्प्लांटची कल्पना आधी द्यावी. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे उपकरणाचे कार्ड दागिन्यांइतके जपावे. कंपनी, प्रकार, पृष्ठभाग, आकारमान आणि लॉट क्रमांक त्यावर असतो. बायोसेल किंवा पीआयपीसारखी बातमी आली की आपला तिच्याशी संबंध आहे की नाही, हे त्या कार्डावाचून कळत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएने सर्व स्तन इम्प्लांटवर चौकटीतला इशारा सक्तीचा केला आणि शस्त्रक्रियेआधी स्त्रीने व डॉक्टरांनी मिळून वाचायची तपासयादी बंधनकारक केली. इम्प्लांट जन्मभराचे नसते, जितकी वर्षे जास्त तितकी गुंतागुंतीची शक्यता जास्त, आणि पुढे आणखी शस्त्रक्रिया लागू शकते, एवढेच त्या इशाऱ्यात टिकाऊपणाबद्दल म्हटले आहे. त्यात दहाचा आकडा नाही, आणि नसणेच प्रामाणिक आहे. १९६२ पासून स्त्रियांना आधी खोटे आश्वासन मिळाले, मग त्याच्या जागी खोटी तारीख. पहिल्याने त्यांना बेफिकीर केले, दुसरीने त्यांना विनाकारण टेबलावर नेले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या बाजूने हिशेब कुणी मांडला नाही. अठराव्या वर्षी सलाइन इम्प्लांट बसवणाऱ्या मुलीपुढे साठेक वर्षांचे आयुष्य असते. त्या काळात तिला किमान एकदा तरी पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागण्याची दाट शक्यता आहे, त्याचा खर्च बहुधा तिच्याच खिशातून जाईल, आणि ते केव्हा घडेल हे सांगता येत नाही. ही तिन्ही वाक्ये पहिल्या सहीआधी तिच्यासमोर ठेवली गेली, तर दहा वर्षांच्या नियमाची गरज तिला उरणार नाही, तिच्या डॉक्टरांनाही नाही.